पंखा बंद करून बिल कमी करायचं नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगलीत स्वतःचं बैठं स्लॅबचं घर. घरात 58 वर्षांच्या या वाचक, त्यांचे निवृत्त शिक्षक पती आणि 84 वर्षांच्या सासूबाई. मे महिन्याचं वीजबिल जवळपास सहा हजार रुपये आलं आणि तेव्हापासून घरात रोज वाद. पती खोल्याखोल्यांतून फिरून दिवे बंद करतात आणि स्वतः भर दुपारी पंखा न लावता बसतात. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. पुण्यातला मुलगा म्हणतो, ‘पाच किलोवॉटचं सोलर बसवा, कर्ज मी काढतो.’ मे महिन्यात गच्ची बघून गेलेल्या सोलरवाल्याने सांगितलं, ‘बिल शून्य येईल आणि लाइट गेली तरी काळजी नाही.’ पतींचं म्हणणं, ऋण काढून सण नको. बिल अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे. गच्चीच्या नैर्ऋत्येला जुना नारळ आहे आणि उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणं असतात. त्या विचारतात, ‘सोलर घ्यावं की नाही, एवढंच सांगा. मुलाचं ऐकू की यांचं?’

ताई,

सोलरचं बोलण्याआधी एक काम आजच करा. सरांच्या खुर्चीवरचा पंखा लावा आणि तो का लावायचा, हे त्यांना आकड्यांत सांगा. जुना पंखा साधारण 75 वॉटचा असतो. दुपारचे चार तास फिरला तर 0.3 युनिट जळतं. तुमच्या घरच्या सरासरी दराने ते चार रुपयेही होत नाहीत. सांगलीच्या मे महिन्यात रक्तदाबाच्या माणसाने चार-पाच रुपयांसाठी घामाघूम होऊन बसणं मला मान्य नाही, आणि 84 वर्षांच्या आजींच्या खोलीत तर ही काटकसर शिरूच द्यायची नाही.

दिव्यांचंही तसंच आहे. 60 वॉटचे पिवळे बल्ब होते, तेव्हा दिवा विसरणं महाग पडायचं. आपल्या पिढीला ती सवय तेव्हाच लागली आणि ती वाईट नाही. पण आता घरात 9 वॉटचे एलईडी आहेत. असा एक दिवा रात्रभर, म्हणजे दहा तास चालू राहिला, तर 0.09 युनिट, सव्वा रुपयाच्या आत. उलट दोन हजार वॉटचा गीझर पंधरा मिनिटं जास्त चालला की अर्धं युनिट, साडेसहा रुपये. तुमच्या घरातलं भांडण दिव्यांवरून होतंय आणि पैसे जातायत भलतीकडेच. पत्रात तुम्ही दिव्यांबद्दल अख्खं पान लिहिलंय, गीझरचा उल्लेख एकदाच केलाय, तोही ‘सकाळी उठल्यावर लावून ठेवते’ एवढाच.

तुम्ही बिलाची प्रत पाठवलीत हे फार बरं केलंत. त्यावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो मी बेरजेसह मांडून पाहिला. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तुमचा वापर महिन्याला 210 ते 280 युनिटांच्या दरम्यान आहे, मार्चमध्ये 310, एप्रिलमध्ये 390, मे महिन्यात 440. वर्षाचे 3,280 युनिट. म्हणजे सरासरी महिन्याला 273. सहा हजारांचं बिल हा तुमच्या घराचा नेहमीचा आकडा नाहीच. तो नातवंडं सुट्टीला आल्याचा आणि एसी चालल्याचा महिना आहे. मुलगा मे महिन्याचं बिल बघून पाच किलोवॉट म्हणतोय, सोलरवालाही तेच बघून म्हणतोय. दुखणं एका महिन्याचं आणि औषध बारा महिन्यांचं, असं होऊ नये म्हणून आधी हे वेगळं काढू या.

मे महिन्याचं बिल एवढं का फुगलं, हेही बिलातच आहे. महावितरणच्या घरगुती दरात टप्पे आहेत: 100 युनिटांपर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे चौथा. गेल्या एक-दोन वर्षांच्या दरपत्रकांत वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचा खर्च) धरून पहिला टप्पा सहा रुपयांच्या आसपास पडतो, दुसरा अकरा-साडेअकरा आणि तिसरा पंधराच्या आसपास. वरून 16 टक्के वीज शुल्क. त्यामुळे तुमचं 90 वं युनिट सात रुपयांचं, 250 वं तेरा रुपयांचं आणि मे महिन्यातलं 400 वं सतरा-अठरा रुपयांचं. बचत नेहमी वरच्या, महागड्या टोकाकडून होते, हे लक्षात ठेवा. मे महिन्यात वाचवलेले शंभर युनिट जवळपास सतराशे रुपये वाचवतात, ऑगस्टमध्ये तेवढेच शंभर तेराशे. दर वर्षागणिक बदलतात, म्हणून आकडे तुमच्याच बिलावरून घ्या, पण टप्प्यांची ही चढण दर वेळी असतेच.

आता तुमच्या प्रश्नातल्या एका गृहीताकडे येते. ‘सोलर घ्यावं की नाही’ असं तुम्ही विचारताय, जणू दोनच वाटा आहेत: एक तर गच्चीवर पॅनेल, नाहीतर अंधारात आणि उकाड्यात बसणं. मधली वाट कोणी सांगितलीच नाही, कारण ती विकायला कोणी दारात येत नाही. तुमचं घर आज जेवढी वीज खातं, त्यातला चौथा हिस्सा तरी कोणाच्याही सुखाला धक्का न लावता कमी होऊ शकतो. तो आधी कमी करावा आणि उरलेल्या वापराच्या मापाने सोलर शिवून घ्यावं. वाढत्या अंगाचा सदरा लहान मुलाला शिवतात, घराला नाही.

पंख्यांपासूनच सुरू करा. तुमच्याकडचे चार पंखे रोज दहा-बारा तास चालतात. नवे बीएलडीसी पंखे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पूर्ण वेगातही 28 ते 35 वॉट घेतात आणि वारा तेवढाच देतात. चार पंख्यांमागे 180 वॉटची बचत, बारा तासांची दिवसाला दोन युनिटांहून जास्त, महिन्याला साठ-पासष्ट. थंडीचे महिने सोडून वर्षाचे 500 युनिट धरा, म्हणजे साडेसहा हजार रुपये. एक पंखा अडीच ते साडेतीन हजारांना मिळतो. बारा हजार घातले, तर दोन वर्षांत ते परत आले. दुकानात ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे बघा. 2023 पासून छताच्या पंख्यांवर ते लेबल सक्तीचं आहे. एक बारकावा वायरमनला आठवणीने सांगा: हे पंखे भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालवायचे नसतात, तो काढून सरळ जोडणी द्यायची. पहिला पंखा सरांच्या खुर्चीवर लावा. मग दुपारी पंखा चालू ठेवायला त्यांच्याकडेही कारण राहील.

गीझरचं गणित थोडं वेगळं आहे. पाणी तापवायला वीज लागतेच, त्यात फार जादू नाही. तिघांच्या आंघोळीला रोज दीड युनिटाच्या आसपास जाणारच. वाया जातं ते लावून ठेवल्यामुळे, आणि उकळीच्या जवळ तापवून पुन्हा तेवढंच गार पाणी मिसळल्यामुळे. थर्मोस्टॅट 50 अंशांच्या आसपास ठेवा, आंघोळी लागोपाठ उरकून घ्या. गच्चीवर सोलर बंब बसवायचा विचार असेल, तर पाणी कोणतं आहे ते आधी बघा. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी वरच्या टाकीत चढतं, असं तुम्ही लिहिलंय. तांब्याच्या नळ्यांच्या सपाट बंबात क्षार साचून तो काही वर्षांत तुंबतो. जड पाण्याला काचेच्या नळ्यांचा बंब बरा. पण खरं सांगू का, तिघांच्या घराला वीज देणारं सोलर येणारच असेल, तर वेगळा बंब घ्यायची घाई नको.

फ्रीज चौदा वर्षांचा आहे म्हणता. त्याचा निकाल मी इथून देणार नाही, मीटर देईल. एखाद्या दिवशी सगळे मुक्कामाला बाहेर जाणार असाल, तेव्हा फ्रीज सोडून बाकी सगळं बंद करा. जाताना मीटर वाचा, बरोबर 24 तासांनी आल्यावर पुन्हा वाचा. फरक दोन युनिटांच्या पुढे असेल, तर फ्रीज म्हातारा झाला. नव्या फ्रीजच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडाच छापलेला असतो, त्याच्याशी ताडून बघा. पण बदलण्याआधी दाराचं रबर तपासा. दारात नोटेसारखा कागद धरून दार लावा. कागद अलगद ओढला गेला, तर गारवा तिथूनच पळतोय, आणि रबर काही शे रुपयांत बदलून मिळतं.

मीटरजवळ उभ्या आहात तर आणखी एक तपासणी करा. घरातलं खरोखर सगळं बंद करा, इन्व्हर्टर आणि टीव्हीचा सेट टॉप बॉक्सही, आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं, ते मीटरवरच छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर 3200. सगळं बंद असूनही तो लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा तुमच्या मीटरवरून दुसरीकडे कुठे वीज जातेय. जुन्या घरांत असं निघतं. मग आधी चांगला वायरमन बोलवा, बाकी सगळं नंतर. जुन्या वायरिंगची गळती नुसती बिलापुरती नसते, जीवावरही बेतू शकते.

एसीबद्दल थोडंच. 24-25 अंशांवर ठेवून सोबत पंखा लावा, जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. तुमच्याकडे त्याहून मोठी गोष्ट आहे ती स्लॅब. बैठ्या घराचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. आपल्या आज्यांची पिढी फेब्रुवारीत गच्चीला चुना मारायची, ते उगाच नव्हतं. पांढऱ्या गच्चीवरून ऊन परत फिरतं. होळीच्या आधी दोन हात चुना मारा, किंवा गच्चीचा पांढरा रंग मिळतो तो लावा. आजींच्या खोलीवर तर नक्कीच.

एवढं सगळं केलंत, तर माझ्या अंदाजाने वर्षाचे 3,280 युनिट 2,500 च्या घरात येतील. आज वर्षाची बिलं मिळून साधारण साडेअडतीस हजार होतात, ती सत्तावीस-अठ्ठावीस हजारांवर उतरतील. गच्चीवर अजून एक खिळाही न ठोकता.

आता सोलर. घ्या, असंच मी म्हणेन. मुलगा विचाराने बरोबर आहे, मापाने चुकतोय. आपल्याकडे एक किलोवॉटचं सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतं, महिन्याला 120. पावसाळ्यात ते बरंच खाली येतं, मार्च-एप्रिलमध्ये वर जातं. दोन किलोवॉट म्हणजे वर्षाला 2,900 च्या आसपास. कमी केलेल्या वापराला ते पुरतं. पाच किलोवॉट वर्षाला सात हजारांवर युनिट बनवेल, तुमच्या आजच्या वापराच्याही दुपटीहून जास्त. त्या उरलेल्या विजेचं काय होतं? नेट मीटरमध्ये दिवसा जास्तीची वीज महावितरणच्या जाळ्यात जाते, रात्री तुम्ही तिकडून घेता, आणि बिल फरकाचं येतं. महिन्याला उरलेले युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात, पण 31 मार्चला हिशेब बंद होतो. तोवर न वापरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, तेही तुम्ही विजेला मोजता त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने. स्वतःच्या वापराची वीज बनवणं फायद्याचं आहे. विकण्यासाठी गच्ची भरणं तुमच्यासारख्या घराला फायद्याचं नाही.

अनुदानही हेच सांगतं. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000. तीन किलोवॉटला 78,000 आणि तिथेच मर्यादा. पाच बसवा की आठ, तेवढेच. म्हणजे चौथा आणि पाचवा किलोवॉट पूर्ण तुमच्या पैशाचा. दोन किलोवॉट सव्वा लाखाच्या आसपास बसतं, त्यातून 60,000 अनुदान वजा केलं की साठ-सत्तर हजार राहतात. वर्षाला वाचतील पंचवीस हजारांच्या आसपास, म्हणजे तीन वर्षांत खर्च वसूल. पॅनेलची हमी बहुधा 25 वर्षांची असते. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा तरी बदलावा लागेल, तो खर्च मनात धरून ठेवा.

आणि इथे सरांचंही म्हणणं राहतं. साठ-सत्तर हजारांसाठी कर्ज कशाला? तुमच्याकडे मुदत ठेवी आहेत, असं पत्रावरून दिसतं. सत्तर हजारांच्या ठेवीवर वर्षाला पाच हजार व्याज मिळत असेल. तेच पैसे गच्चीवर ठेवले तर पंचवीस हजार वाचतात. सरांना हे असंच मांडून दाखवा. फक्त एक ध्यानात घ्या, अनुदान नंतर खात्यात जमा होतं. सोलर बसून, नेट मीटर लागून, कागदपत्रं पुरी झाल्यावर. तोवर पूर्ण रक्कम आपल्याला भरावी लागते. तेवढ्यापुरता मुलाचा हात घ्या, तो आनंदाने देईल. ज्यांच्याकडे ठेव नाही, त्यांच्यासाठी तीन किलोवॉटपर्यंत विनातारण, कमी व्याजाचं कर्ज याच योजनेत बँका देतात. कर्ज म्हणजे नेहमी सणच असतो असं नाही, पण तुम्हाला त्याची गरज नाही एवढंच.

दोनऐवजी तीन किलोवॉट घ्यावं का? घरी येत्या एक-दोन वर्षांत इलेक्ट्रिक स्कूटर यायची असेल, गॅसऐवजी इंडक्शनवर स्वयंपाक वाढणार असेल किंवा मुलगा परत सांगलीला यायचं बोलत असेल, तर हो, तीन. नाहीतर दोन.

सोलरवाल्याच्या दोन वाक्यांबद्दल बोलायला हवं, कारण ती ऐकून पुष्कळ घरं निर्णय घेतात. ‘बिल शून्य’ होत नाही. वापर शून्यावर आला तरी स्थिर आकार, म्हणजे जोडणीचे दरमहा ठरलेले पैसे, भरावाच लागतो, दीडदोनशे रुपयांचं बिल येत राहील. ते आनंदाने भरा. ‘लाइट गेली तरी काळजी नाही’ हे मात्र साध्या सोलरच्या बाबतीत खरं नाही. असं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या जाळ्याला जोडलेलं, सोलर वीज गेली की आपोआप बंद पडतं, ऊन कितीही असो. ते तसंच हवं. बाहेर तार दुरुस्त करायला लाइनमन खांबावर चढलेला असताना तुमच्या गच्चीवरून त्या तारेत वीज गेली, तर त्याचा जीव जाईल. वीज गेल्यावरही चालणारं बॅटरीचं हायब्रिड सोलर वेगळं असतं आणि बरंच महाग पडतं. तुमच्याकडे इन्व्हर्टर-बॅटरी आहेच, आणि नवे पंखे लागले की तीच बॅटरी जवळपास दुप्पट वेळ पुरेल.

आता कागदांचं, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. बिल सासऱ्यांच्या नावावर आहे. अनुदान वीजग्राहकाच्या खात्यात जातं, आणि दिवंगत माणसाच्या नावाने अर्ज होत नाही. म्हणून आधी वीजजोडणीच्या नावात बदल करून घ्या. मृत्यू दाखला, मालमत्तेचे कागद, वारसांची संमती, असं सगळं लागेल. वारसांत सासूबाई आहेत, आणि तुम्ही लिहिलंय तसे इचलकरंजीचे धाकटे दीरही. त्यांना फोनवर उरकू नका. एका रविवारी जेवायला बोलवा, सगळं समजावून सांगा, गच्चीवर काय बसणार ते दाखवा आणि संमती लेखी घ्या. पंचवीस वर्षं टिकणारी वस्तू आपण वडिलोपार्जित गच्चीवर बसवतोय. उद्या वाटणीचा विषय निघाला, तर तो सोलरमुळे कडू होऊ नये. बिलावर घरातल्या कोणाचं नाव लावायचं, हेही तेव्हाच ठरवा. तुमचं स्वतःचं लावायला काही हरकत आहे का, हा प्रश्न मी मुद्दाम विचारतेय.

नाव बदललं की अर्ज योजनेच्या सरकारी पोर्टलवरूनच करा, मोबाइलवर आलेल्या कुठल्याही लिंकवरून नाही. 2024 च्या नियमदुरुस्तीनंतर 10 किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला महावितरणने तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासासाठी अडवायचं नाही, हे माहीत असू द्या. पोर्टलवर नोंदलेल्या किमान तिघांकडून लेखी दरपत्रक घ्या. त्यात पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचे आहेत असं स्पष्ट लिहिलेलं हवं, त्याशिवाय अनुदान नाही. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा हवा, अर्थिंग आणि आकाशातून पडणाऱ्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक हवेत, स्लॅबला भोक पाडलं तर गळतीची जबाबदारी कोणाची तेही लिहून घ्या. शेवटचा हप्ता नेट मीटर फिरायला लागल्यावरच द्या. आणि इन्व्हर्टर जिन्याखाली लावू देऊ नका. 2019 च्या पुरात तुमच्याकडे तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी होतं. त्या खुणेच्या चांगलं वर लावायला सांगा.

वाळवणांची काळजी तुम्ही शेवटच्या ओळीत, जरा संकोचून लिहिली आहे. संकोच कशाला? गच्ची हे तुमचंही कामाचं ठिकाण आहे. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट लागतात, दोनला दोनशे. नऊशे फुटांच्या गच्चीवर कुरडया-पापडांना जागा भरपूर उरते. पाच किलोवॉटने मात्र निम्म्याहून जास्त गच्ची गेली असती. पॅनेलखालचा स्लॅब सावलीत राहून खालची खोली गार राहते, म्हणून जमलं तर ते आजींच्या खोलीवर येऊ द्या. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की तुमच्याकडे गच्चीवर काळी राख पडते, ती पॅनेलवरही पडणार. दर आठ-पंधरा दिवसांनी सकाळी लवकर, पॅनेल गार असताना, मऊ फडक्याने आणि नळाच्या पाण्याने पुसा. बोअरचं पाणी वाळलं की पांढरे डाग राहतात.

फ्लॅटमध्ये किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. भाडेकरूने पंखे घ्यावेत, ते घर सोडताना सोबत नेता येतात. सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी याच योजनेत किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय मांडा. आणि ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटांच्या आत आहे, त्यांनी केंद्राच्या अनुदानावर राज्य सरकारचं जादा अनुदान मिळतं का, ते महावितरणच्या कार्यालयात विचारल्याशिवाय सौदा करू नये.

राहिला नारळ. सोलरवाला मे महिन्यात भर दुपारी आला आणि ‘सावली नाही’ म्हणाला. सांगलीत मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस असतो. त्या दिवसांत भर दुपारी उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच पडते. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला इतका उतरतो की भर दुपारीही तो पन्नास अंशांच्या वर जात नाही, आणि साडेतीनच्या सुमारास तो बरोबर नैर्ऋत्येला, अवघ्या तीस अंशांवर असतो. तुमचा नारळ तिथेच आहे. साध्या जोडणीत एका पॅनेलवर झावळीची सावली पडली, तरी सगळ्या ओळीचं उत्पादन घसरू शकतं. झाड तोडायची गरज नाही, पॅनेलची जागा नीट निवडायची गरज आहे. त्यासाठी डिसेंबरची वाटही बघायला नको.

हे काम सरांना सांगा. त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलंय. मोठ्या कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा आणि दोऱ्याला एक नट बांधायचा. पॅनेल जिथे येणार तिथे उभं राहून कोनमापकाच्या सरळ कडेवरून नारळाच्या शेंड्याकडे बघायचं. दोरा 90 च्या खुणेपासून जितके अंश सरकेल, तितका शेंड्याचा कोन. तो तीसच्या वर आला, तर ती जागा सोडून ईशान्येकडे दोन पावलं सरकायचं आणि पुन्हा मोजायचं, तीसच्या खाली येईपर्यंत. तिथे खडूने रेघ मारून ठेवा. पुढच्या खेपेला सोलरवाला आला की त्याला गच्चीवर सरच घेऊन जाऊ देत.